शेवटच्या बोटीनंतर

चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात, ही व्याख्या मी लोणारच्या शाळेत जवळजवळ तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतली. घोकूनच घ्यावी लागे, कारण दाखवायला बेट आणायचे कुठून? बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगेचा उगम आमच्याच जिल्ह्यातला. पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात बेट दाखवायचे तर आधी पाणी दाखवावे लागते. म्हणून मी फळ्यावर खडूने एक वाकडा गोल काढी, भोवती लाटांच्या चार रेघा मारी आणि पुढच्या धड्याकडे वळे. एका वर्षी मधल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मंग आपलं लोनार उलटं बेट हाय का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवले.

पुढे विचार केला तेव्हा वाटले, पोर बोलले ते अगदी नेमके होते. बेटावर जमिनीभोवती पाणी, लोणारला पाण्याभोवती जमीन. आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. किती वर्षांपूर्वी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. कोणी ५० हजारांच्या आसपास म्हणतो, कोणी पावणेसहा लाख. त्या विवराच्या तळाशी खारे पाणी साठले आणि वरच्या काठाशी आमचे गाव वसले. ते पाणी पिता येत नाही की शेताला चालत नाही. एके काळी त्यातला खार काढून विकत, एवढाच त्याचा उपयोग. प्यायला गोड पाणी काठावरच्या धारेचे. नाहीतर नळ येईल तेव्हा नळाचे. एवढ्या मोठ्या पाण्याशेजारी राहून घोटभर पाण्याची चिंता करायची, हे बेटावरच्या माणसाचे दुखणे आम्हाला समुद्र न पाहताच ठाऊक होते.

समुद्र पाहिला तो १९९४ च्या डिसेंबरात. प्रासंगिक कराराची एस.टी. करून आम्ही शाळेची सहल मुंबईला नेली. सेहेचाळीस मुले, चार शिक्षक, दोन डबे चिवडा आणि ठेचा-भाकरीची गाठोडी. सिंदखेडराजा, शेगाव, मेहकरचा बालाजी एवढेच जग पाहिलेली ती पोरे गेटवेच्या कठड्याशी उभी राहिली आणि चक्क गप्प झाली. घारापुरीच्या लाँचमध्ये बसल्यावर मात्र कंठ फुटला. दोघा-तिघांना उलट्या झाल्या. एकाने वाकून तळहातावर पाणी घेतले, चाखले आणि जाहीर केले, "आपल्यावानीच खारं हाय!"

घारापुरीला त्या दिवशी मी काय पाहिले? सेहेचाळीस डोकी पाहिली. लाँचमधून उतरताना मोजली, पायऱ्या चढताना मोजली, लेण्यात शिरताना मोजली. सुमारे वीस फूट उंचीच्या त्या तीन मुखांच्या शिवमूर्तीपुढे उभे राहून सहाव्या शतकातले शिल्प, पोर्तुगीजांनी केलेली नासधूस वगैरे जे पाठ होते ते म्हणून दाखवले. एक गोष्ट तेवढी स्वतःची सांगितली. हे लेणे ज्या कातळात कोरले आहे, त्याच जातीच्या कातळात आपले विवर पडलेले आहे. लाव्हा थंड होऊन झालेला हा काळा दगड इथपासून आपल्या वऱ्हाडापर्यंत पसरला आहे. मुलांनी खांबाला हात लावून पाहिला. मग पुन्हा मोजणी, पुन्हा पायऱ्या, आणि पाचच्या सुमारास लाँच.

परतल्यावर रिवाजाप्रमाणे निबंध लिहायला दिला, "घारापुरीची सहल". मूर्ती भव्य होती, माकडांनी भाकरी पळवली, सहल अविस्मरणीय झाली, अशी सगळी वाक्ये सगळ्या वह्यांत. त्या मधल्या बाकावरच्या मुलाने मात्र शेवटी लिहिले होते, "संध्याकाळी आम्ही बोटीने परत आलो. तिथली माणसे परत आली नाहीत. शेवटची बोट गेल्यावर ती काय करतात ते सरांनी सांगितले नाही." मी लाल शाईने खाली "विषयांतर" असे लिहिले आणि अर्धा मार्क कापला.

सरांनी सांगितले नाही, कारण सरांना माहीत नव्हते. बेटावर गावे आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कणसे विकणाऱ्या, काकड्या-चिंचांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसल्या होत्या. पण त्याही आपल्यासारख्या सकाळी कुठूनतरी येत असतील आणि संध्याकाळी कुठेतरी जात असतील, असे काहीसे मी गृहीत धरले होते.

हे माझ्याकडून व्हावे याचे मला पुढे फार वाईट वाटले; कारण लोणारच्या माणसाला हाच अनुभव उलट्या बाजूने रोज येतो. बाहेरून गाडी येते, काच खाली होते आणि विचारणा होते, "पॉइंट किधर है?" काठावर उभे राहायचे, खाली हिरव्या-करड्या पाण्याकडे बघायचे, फोटो काढायचे, उत्साही असतील त्यांनी दैत्यसूदनाचे मंदिर पाहायचे आणि उजेडात परत निघायचे. गाव म्हणजे पॉइंटकडे जाण्याचा रस्ता, आणि तोही खड्ड्यांचा म्हणून लक्षात राहिलेला.

२०२० च्या जूनमध्ये तर याची कमालच झाली. सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात वाढणाऱ्या खारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी नंतर काढला. ते छायाचित्र जगभर गेले. टाळेबंदीचे दिवस, कोणी घराबाहेर पडत नव्हते, पण फोन चालू होते. पुण्याचे, नागपूरचे, एक तर थेट अमेरिकेतून आला. "तळं गुलाबी झालं म्हणे! फोटो पाठवा ना." त्या दिवसांत माणसे कशा काळजीत होती ते आपण सगळे जाणतो. तरी "आणि तुम्ही कसे आहात?" असे ज्यांनी विचारले, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी फोटो पाठवले. काय करणार?

सरोवराचे महत्त्व मी नाकारतो आहे, असे कोणी समजू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या घरी गोड केले होते. विवराच्या आत पूर्वी शेती होत असे, केळी-पपया निघत. खते-औषधांचे पाणी सरोवरात उतरू लागल्यावर ती थांबवणे भागच होते. गावाचे सांडपाणी तळ्यात जाऊ नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या, त्याही आमच्याच भल्यासाठी. पण ज्यांची शेती गेली ती माणसे कोण होती, त्यांनी पुढे काय केले, हे सांगणारी एक ओळ मला कुठल्या माहितीफलकावर आढळली नाही. फलकावर विवराचा व्यास असतो, पाण्याचा क्षार असतो, पक्ष्यांची नावे असतात. माणूस तेवढा नसतो. असो.

तर त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यात तीस वर्षे राहून गेला होता. माझी मुलगी डोंबिवलीला असते. २०२५ च्या जानेवारीत तिच्याकडे गेलो असता मी म्हणालो, मला घारापुरीला जायचे आहे. ती एकदम नाहीच म्हणाली, आणि तिचे चुकीचे नव्हते. महिनाभरापूर्वीच, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगबोट आदळली होती आणि डझनाहून अधिक माणसे दगावली होती. ती बातमी ऐकून आमच्याकडे बुलडाण्याच्या लोकांनीसुद्धा कानाला हात लावले. अखेर नातीने बाजू घेतली आणि आम्ही तिघे निघालो.

लाँचमध्ये सगळ्यांना नारिंगी जॅकेटे घालायला लावली. सहलीचा गोंगाट होता, तरी अधूनमधून लोक गप्प होत आणि दूरवरून येणाऱ्या एखाद्या वेगवान बोटीकडे टक लावून बघत. मला वाटले, आपण हा प्रवास आयुष्यात दोनदा केला. बेटावरच्या माणसाला तो बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला, लग्नाला करावा लागतो. त्याला "जाऊ द्या, या महिन्यात नको" म्हणता येत नाही.

१९९४ पासून मुंबईचा समुद्र बराच बदलला आहे. वाटेत जवाहर द्वीपापाशी तेलाची जहाजे उभी असतात ती तशीच. न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनची रांग मात्र पूर्वीपेक्षा लांब झाली आहे. उत्तरेला पाण्यावरून गेलेला अटल सेतू, २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला, धुक्यात अर्धा पुसल्यासारखा दिसत होता. लाँचमागे पांढरे कुरव पक्षी लागले होते आणि लोक त्यांना कुरकुरे चारत होते. पक्षी ते हवेतल्या हवेत झेलत. नातीला हे लेण्यापेक्षाही आवडले, हे इथे नमूद करतो.

धक्क्यावर ग्रामपंचायतीचा कर द्यावा लागतो. घारापुरी ही रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातली एक रीतसर ग्रामपंचायत आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आणि बाराशेच्या आसपास वस्ती. पर्यटकांपैकी बहुतेकांना हा कर म्हणजे लेण्याचेच आणखी एक तिकीट वाटते. माझ्यापुढचे गृहस्थ तसे म्हणून वादही घालत होते. आमच्या नातीने खेळण्यातल्या गाडीसारख्या त्या छोट्या आगगाडीचा हट्ट धरला. मग पायऱ्या, सुमारे १२०. दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांखाली दुकाने. दगडी हत्ती, शंखांच्या माळा, पितळी देव. बेटावर घडलेली वस्तू त्यांत मला तरी दिसली नाही. माकडाने नातीच्या हातची शीतपेयाची बाटली झाकण फिरवून उघडली, तेव्हा तीस वर्षांत त्यांचीही प्रगती झाली, हे ध्यानात आले.

पायऱ्यांच्या वरच्या अंगाला दोन बायका उभ्या होत्या. कासोटा घातलेली लुगडी, केसात अबोली, डोक्यावर एकावर एक चकचकीत हंडे. परदेशी पाहुण्यांबरोबर त्या फोटोला उभ्या राहत आणि पैसे घेत. मला राग आला, खरे सांगतो. आमच्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघत बसलेल्या आयाबाया डोळ्यांपुढे आल्या. हंडा ही काय शोभेची वस्तू आहे? त्यातली एक साठीची बाई हंडे उतरवून सावलीला बसली, तेव्हा मी शिक्षकी खवचटपणाने म्हणालो, "ताई, हंडा रिकामाच आहे की!"

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. म्हणाली, "भरलेला डोक्यावर होता ना दादा, तवा फोटू काढाया कोन उभा नव्हता."

मी काय बोलणार? तिच्याशेजारी बसलो. लोणारहून आलो म्हटल्यावर तिला काही बोध झाला नाही. "खाऱ्या तळ्याचे गाव" म्हटल्यावर झाला. "मंग तुमचंबी आमच्यासारखंच की," ती म्हणाली. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून उन्हाळ्यात पाण्याचे कसे हाल होत, विहिरीचा तळ खरवडून एक कळशी भरायला किती वेळ लागे, हे तिने सांगितले. भोवती समुद्र आणि घरात पाणी मोजून. लेणी कोरणाऱ्यांना हे कळले होते. त्यांनी लेण्यांबरोबर कातळात पाण्याची टाकी कोरली. पावसाचे पाणी धरल्याशिवाय बेटावर राहता येत नाही, हे पंधराशे वर्षांपूर्वी ज्यांना उमगले ते आपल्यापेक्षा शहाणे म्हणायचे. आपण ती टाकी पाहतो, खोली किती विचारतो आणि पुढे जातो.

जेवणाच्या वेळी ती घराकडे निघाली. "येता का? राजबंदरला हाय घर," असे म्हणाली ते बहुधा रीत म्हणून, पण वऱ्हाडी माणसाला रीतीचे बोलावणेही पुरते. आम्ही तिघे तिच्या मागोमाग निघालो. पायऱ्यांवरची ती गर्दी पाच मिनिटांत मागे पडली. पायवाटेला करंज, चिंचा, आंबे. काढणी झालेली भाताची खाचरे. कुठे वाळत टाकलेले जाळे. एका अंगणात लाल मिरच्या पसरलेल्या आणि त्यांच्यावर राखणीला बसलेली म्हातारी. लेण्याकडे हजारो माणसे, आणि इथे आम्हाला पाहून कुत्रे भुंकले, इतके इथे परके माणूस येत नसावे.

राजबंदरच्याच बाजूला एके काळी दगडाचा मोठा हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला. उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईला गेले, पुढे १९१४ मध्ये ते जोडले गेले आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयापुढे उभा आहे. म्हणजे हत्ती गेला, त्याचे नाव मात्र जगाने बेटाला चिकटवून ठेवले. आणि जे कुठेही गेले नाहीत त्यांचे घारापुरी हे नाव लाँचच्या तिकिटापुरते.

बाईंच्या घरात फ्रीज होता. तिने तो आम्हाला दाखवला, अगदी दार उघडून, देव्हारा दाखवावा तसा. "२०१८ ला लाइट आली," ती म्हणाली. तारीख मी पुढे ताडून पाहिली, २२ फेब्रुवारी २०१८. न्हाव्याच्या बाजूने समुद्राच्या तळाखालून सुमारे ७.५ किलोमीटरची केबल टाकून वीज बेटावर आणली गेली. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनित्रावर दिवे लागत. त्या तीन तासांत पोरांचा अभ्यास, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, सगळे उरकायचे. नंतर अंधार. मासळी सकाळची रात्रीपर्यंत टिकायची नाही. विकायची नाहीतर खारवायची. "समोर मुंबईत एवढा उजेड," तिने हाताने दाखवले, "रातभर विझायचा नाय. आनि हितं कंदिलाला राकेल नाय."

गेटवेपासून हे बेट दहा-अकरा किलोमीटरवर. १९८७ मध्ये युनेस्कोने इथल्या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. जगाचा वारसा ठरल्यानंतर एकतीस वर्षांनी, आणि देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षे उलटल्यावर, त्या वारशाच्या शेजाऱ्यांकडे पुरती वीज पोचली. आमच्या जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर उशिरा वीज गेली याचे कारण आम्हाला नेहमी सांगितले जाई की अंतर फार. इथे अंतर नव्हते. मुंबईच्या किनाऱ्यावरून हे बेट डोळ्यांना दिसते.

हिशेबी वाचक म्हणतील, खर्च पाहा. त्या कामाला २५ कोटी रुपये लागले, म्हणजे माणशी दोन लाखांच्या वर. बाराशे माणसांसाठी एवढा? हा हिशेब मी चूक म्हणणार नाही. शिक्षकाच्या पगारात संसार केलेल्या माणसाला हिशेबाचा आदर असतो. पण वहीची दुसरी बाजूही भरली पाहिजे. या बेटाच्या नावावर गेटवेला लाँच चालतात, मार्गदर्शक जगतात, हॉटेलांच्या खोल्या भरतात, पर्यटनाच्या पुस्तिका छापल्या जातात. ते सगळे मुंबईच्या खात्यावर जमा आणि वीज-पाण्याचा खर्च तेवढा घारापुरीच्या नावे, ही जमाखर्चाची कुठली पद्धत? आपल्या नकाशावर घारापुरी हे लेणे होते, गाव नव्हते. लेण्याला रात्री दिवा लागत नाही; पाच वाजता बंद होते ते. गावाला लागतो. उशीर झाला तो समुद्र आडवा आला म्हणून, तसाच या समजुतीमुळेही.

लोणारलाही हेच लागू आहे, आणि अजिंठ्याच्या पायथ्याच्या, रायगडाच्या घेऱ्यातल्या गावांनाही लागू असेल. पाहण्यासारखे स्थळ जाहीर झाले की त्या स्थळाची काळजी घेणारे अनेक जण उभे राहतात. त्या काळजीत मग शेजारचा माणूस एक तर अडथळा म्हणून येतो, नाहीतर देखावा म्हणून. अतिक्रमण करणारा, कचरा टाकणारा, सांडपाणी सोडणारा म्हणून किंवा डोक्यावर हंडा घेऊन फोटोला उभा राहणारा म्हणून. तिसरी काही ओळख त्याला मिळतच नाही. मी स्वतः त्या बाईला पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्या खान्यात टाकून मोकळा झालो होतो.

चहा घेताना माझ्यातला सुधारक जागा झाला. पर्यटकांना घारापुरीत रात्री राहता येत नाही. मी म्हणालो, "ताई, इथे चार घरांत पाहुण्यांची सोय झाली, तर तुम्हाला दोन पैसे मिळतील. दगडी हत्ती विकण्यापेक्षा भात-मासळी खाऊ घालाल. लोकांना गाव तरी कळेल." कल्पना मला फार पसंत पडली होती. या लेखाचा शेवटही मी मनात तिच्यावरच रचू लागलो होतो.

बाईंचा मुलगा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "चालेल की. नियम करून द्या, आमी करू." बाई मात्र बशी खाली ठेवून म्हणाल्या, "नको. दिस तुमचा हाय, मान्य. रात आमची हाय."

मायलेकांत मग वाद सुरू झाला. तो म्हणे, दिवसभर पायऱ्यांवर बसून काय मिळते. पोरे कॉलेजला पाण्यापलीकडे जातात ती परत यायला तयार नाहीत. रात्रीचा पाहुणा आला तर ती घरी राहतील. ती म्हणे, पाहुणा आला की त्याच्यामागे बार येईल, गाणी येतील, मग जमिनीला भाव येईल आणि मग आपण जाऊ. दोघांचेही मला पटत होते. माझी नात एकाकडून दुसऱ्याकडे अशी मान फिरवत बसली होती, टेनिसचा सामना बघावा तशी. आणि एकाएकी माझ्या लक्षात आले की तीस वर्षांत मी घारापुरीबद्दल जे वाचले, त्यात शैव शिल्पाचा काळ, कलचुरी की आणखी कोण हा वाद, पोर्तुगीज, युनेस्को हे सगळे होते. हा वाद नव्हता. आणि घारापुरीचे पुढे काय व्हायचे, हे खरे तर याच वादातून ठरायला हवे. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आणि लोणारहून आलेल्या एका निवृत्त मास्तरच्या लेखात तर मुळीच नाही.

तेव्हा मी माझी सूचना मागे घेतो. तिच्या जागी एक लहान मागणी ठेवतो. असल्या स्थळाचा आराखडा करताना पहिली बैठक त्या गावात व्हावी, संध्याकाळी, शेवटची बोट गेल्यावर. साहेबांनी त्या रात्री तिथेच थांबावे. बारा महिने नको, एक रात्र. पावसाळ्यातली असली तर उत्तम. समुद्र खवळून लाँच बंद पडतात तेव्हा पोटात कळ आलेल्या माणसाचे घरचे कसे बसून असतात, तेही कळेल. लोणारलाही एक बैठक अशी व्हावी, मे महिन्यात, नळाला पाणी नसेल त्या दिवशी. चहा आम्ही देऊ.

आणि तुम्ही-आम्ही, रविवारी मुलाबाळांना घेऊन निघणारे? आपल्याला आराखडा करायचा नसतो. पण लेणे पाहून झाल्यावर तास-दीड तास उरतोच, तो आपण लाँचच्या रांगेत नाहीतर दुकानांत घालवतो. त्या वेळात राजबंदरला जाऊन येता येते. फार काही "पाहण्यासारखे" तिथे नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर फसवले म्हणाल.

आम्हाला निघायला उशीर झाला. बाई धक्क्याच्या वाटेपर्यंत पोचवायला आल्या. नातीच्या हातात चिंचांची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. फोटो काढायचा का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "आता हंडा नाय डोक्यावर," आणि हसून उभ्या राहिल्या. हिवाळ्यात लवकर दिवस मावळतो. गेटवे जवळ आले तेव्हा मागे वळून पाहिले. काळ्या टेकड्यांच्या पायथ्याशी दिव्यांची एक बारीक ओळ लागली होती. पुढे मुंबईचा उजेड एवढा की ती शोधून काढावी लागत होती.

लोणारला परतल्यावर मी त्या मधल्या बाकावरच्या मुलाला गाठले. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे, बसस्थानकाजवळ त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. त्यांच्यादेखतच मी त्याला सांगितले की शेवटची बोट गेल्यावर तिथली माणसे भांडतात, मालिका बघतात, मासळी फ्रीजमध्ये ठेवतात आणि रात्र आपली आहे असे म्हणतात. त्याला निबंध आठवायला जरा वेळ लागला. मग हातातला पेचकस खाली ठेवून तो म्हणाला, "म्हंजे ते विषयांतर नोतं तर! मंग सर, तो अर्धा मार्क?"

ती वही कधीच रद्दीत गेली असेल. तरी देतो म्हणालो.